हरभऱ्याची आंब

हरभरा फुलला की पानापानावर आंबट दव साचतं. पहाटे त्यावर सुती कापड पसरायचं, ओलं झालं की पिळायचं. जे निघतं ती आंब. पोटदुखीवर रामबाण. लिंबागणेशजवळच्या सुंदररावांचं पोट बारा महिने दुखायचं, आणि त्यांचं खाणं पाहता दुखलं नसतं तरच नवल! शेत त्यांचं, पोट त्यांचं, कापड मात्र धनगरवाड्यातल्या बायांचं. निजामाच्या राज्यात जमीनदाराला विचारणार कोण?

गेल्या साली पाळी चतुराबाईची होती. आईनं दिलेलं लुगडं तिनं हरभऱ्यावर पसरलं, आणि पुढं ओढ्यावर धुताना ते हातातच विरलं. कापसाचा धागा म्हणजे साखरेच्याच बारीक कणांची लांबलचक माळ; आंबटपणा ती जागोजाग तोडतो. शिकलेले याला रसायन म्हणतात. चतुराबाईची तर आईही राहिली नव्हती आणि आता लुगडंही. ती ओढ्यावरच रडत बसली.

यंदा पुन्हा निरोप आला. आता तिच्याकडं अंगावरचं एक आणि दांडीवरचं एक, एवढीच लुगडी उरली होती.

"देऊन टाक," नवरा धुळाजी म्हणाला. "मेंढरं त्यांच्याच रानात बसत्यात."

"न्हाई देत!" म्हणत ती तरातरा सुंदररावांच्या ओसरीवर गेली. तिथं चार माणसं बसली होती.

"मालक, पोट तुमचं, तर धोतर बी तुमचंच पसरा."

सुंदरराव हसले. "दवानं कापड जातंय व्हय गं? तुजं सूतच कुजकं हुतं."

"मंग तुमी भेता कावून?"

चारचौघांत असं विचारल्यावर माघार कशी घ्यायची? त्यांनी रेशीमकाठी सुती धोतर आणवलं. "घे. हे फाटलं तर पुन्यांदा कुनाचं कापड मागनार न्हाई. न्हाई फाटलं, तर तुजी मेंढरं माज्या रानातून भाईर!"

चतुराबाईनं रोज पहाटे धोतर पसरलं, पिळलं, उन्हात वाळवलं. आंब वाड्यावर पोचती केली. फुलं सरली तशी ती धोतराची घडी घेऊन ओसरीवर आली. धुळाजी मागं उभा होता.

सुंदररावांनी काठ पाहिला. काठ झळकत होता.

"जसंच्या तसं हाय की!" म्हणत ते आत जाऊन तेच नेसून आले.

"मालक, बसू नगा," चतुराबाई म्हणाली.

"हरलीस म्हून सांगतीस व्हय?" त्यांनी ऐटीत पाटावर मांडी घातली.

चर्र झालं. सावरायला उठले, तर दुसरी मांडीही उघडी पडली. रेशमाला काही झालं नव्हतं, म्हणून हातात नुसता काठ राहिला. ओसरीवरची माणसं आढ्याकडं बघू लागली.

चतुराबाई हसली नाही. तिला आईचं लुगडं आठवत होतं.

"सूत कुनाचं कुजकं हुतं, मालक?"

ती पायरी उतरता उतरता थांबली.

"पोट दुखलं तर एक भाकर कमी खावा."

दुसऱ्या दिवशी तिनं आपलं लुगडं धुतलं आणि सुंदररावांच्या हरभऱ्याच्या कुंपणावर, बाहेरच्या अंगाला, वाळत घातलं.