शून्याचा रकाना

ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्याच्या हातची शिलाई अंगाला लागू दिली नव्हती, ते टेलरमास्तर एका बुधवारी बाजारातून आणलेला तयार टी-शर्ट घालून केमोच्या वॉर्डात आले. ज्यांना कळायचं त्यांना तेव्हाच कळलं. आपण कुणाला काही कळू दिलेलं नाही, अशी मास्तरांची मात्र खात्री होती.

झालं होतं ते असं. तिसऱ्या केमोनंतर मास्तरांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्या गेल्या आणि बधिरपणा आला, जणू एकेका बोटावर कुणी जाड अस्तर चढवलंय. शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायला दहा-दहा मिनिटं लागायला लागली. टी-शर्टाला बटणच नसतं, मग अडचणच नाही! बाजूच्या खुर्चीतल्या एका जाणत्याने त्यांना बजावलं होतं, "बोटांची तक्रार केलीत की डॉक्टर औषध कमी करतात बरं का." मास्तरांचा हिशेब सरळ होता. औषध कमी तर आजार जास्त. सहा केमो ठरल्यात, सहा पुऱ्या घ्यायच्या. बोटांचं मागाहून बघू. बोटं गेली तर मागाहून बघायला मास्तर म्हणून शिल्लक काय राहणार, हा आकडा त्यांनी बेरजेत धरलाच नव्हता.

वॉर्डाला लागून एक छोटी खोली होती. आठ खुर्च्या, भिंतीवर हात धुण्याचं चित्र, कोपऱ्यात वजनकाटा. दर बुधवारी तिथे सिस्टर पेशंटांची शिकवणी घ्यायच्या. तोंड आलं तर काय करायचं, मळमळ सुरू व्हायच्या आधी गोळी का घ्यायची, थकवा आला तरी दहा पावलं का होईना चालायचं. सिस्टर पन्नाशीच्या, आवाज बारीक, पण खोट्या उत्तराला चष्म्यावरून असं बघायच्या की उत्तर देणारा आपोआप खुर्चीत सावरून बसायचा. त्यांनी प्रत्येकाला एक वही दिली होती. ताप, उलटी, तोंड, झोप, हातपाय असे रकाने, आणि प्रत्येकात रोज शून्य ते दहा असा त्रासाचा आकडा भरायचा.

मास्तरांची वही बघण्यासारखी. ओळी सुतात. हातपायाच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत शून्यंच शून्यं, ओळीने टाचलेल्या बटणांसारखी.

त्या बुधवारी तापाचा धडा होता. "अडतीस सेल्सियसच्या वर गेला की रात्र असो, दिवस असो, आधी आम्हाला फोन," सिस्टर म्हणाल्या. "तापाची गोळी घेऊन मग थर्मामीटर लावायचा नाही."

"अगंबाई! मी तसंच करते," पोस्टातून निवृत्त झालेल्या मावशी म्हणाल्या. "म्हटलं, आकडा तेवढाच चांगला दिसेल."

"आकडा कुणाला दाखवायचाय मावशी? मुलगी बघायला येणारेत का?"

सगळे हसले. मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले. अंगात चोर असला की माणूस हसायला पुढे असतो.

मग सिस्टरांनी एक कापडी पिशवी काढली. आत बारीकसारीक वस्तू. न बघता हात घालायचा, हाताला लागेल ते ओळखायचं आणि मग बाहेर काढायचं. बोटांची जाणीव कितपत आहे ते समजावं म्हणून. मावशींनी किल्ली ओळखली. पिशवी मास्तरांकडे आली तसे ते म्हणाले, "माझं काय बघायचं सिस्टर? शून्य आहे की वहीत."

"हो, बघितलं ना," सिस्टर म्हणाल्या. "बरं मास्तर, एक विचारू? माप देताना लोक पोट आत घेतात, ते खरं का हो?"

झालं! मास्तरांची गाडी उताराला लागली.

"खरं म्हणजे? अहो, शंभरातले नव्वद! श्वास रोखून उभे राहतात, तोंड लाल होतं. त्या मापाने पँट शिवली तर पहिल्या जेवणाला बटण तुटतं, आणि नाव कुणाचं खराब? माझं!"

"मग तुम्ही काय करता?" पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवत सिस्टरांनी विचारलं.

"मी माप घेतच नाही लगेच." मास्तरांचा हात बोलता बोलता पिशवीत गेला. "मुलं काय करतात, नोकरी कुठे, असं विचारत बसतो. माणूस बोलायला लागला की पोट सुटतं. ते सुटलं की मी हळूच टेप फिरवतो." मग पिशवीकडे न बघताच म्हणाले, "हे बटण. कोटाचं."

त्यांनी हात बाहेर काढला. हातात नाणं होतं.

मावशींनी तोंडाला पदर लावला. बाकीचे आपापल्या वह्यांकडे बघायला लागले. बटण ओळखायला चुकलेला शिंपी आधी कुणी पाहिला नव्हता, आणि आता पाहिला तर हसू येत नव्हतं. मास्तरांनी नाणं उलटं केलं, सुलटं केलं.

"टेप फिरवलात होय माझ्यावर," ते हळूच म्हणाले.

"काय करणार? तुम्ही श्वास सोडायलाच तयार नाही," सिस्टर म्हणाल्या. "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"पाच," दारातून आवाज आला. औषधांची पावती घेऊन मास्तरांची बायको उभी होती. "पाच आठवडे झाले. परवा तापल्या तव्याला हात लागला तर यांना वास आल्यावर कळलं. मला शपथ घातलीय, सांगायचं नाही म्हणून."

"मग आता कशी सांगतेस?"

"मी कुठे काय सांगितलं? तुमच्या हातातल्या नाण्याने सांगितलं."

शिकवणी आटोपल्यावर सिस्टर दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर तरुण, बोलणं तुटक, पण त्यांनी मास्तरांचं एकेक बोट धरून बघितलं. मास्तरांनी भीती बोलून दाखवली, औषध कमी केलं तर आजार डोकं वर काढेल.

"दोन औषधं चालू आहेत तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. "बोटांना त्रास देणारं एकच. ते कमी करू, दुसरं तसंच ठेवू. कमी करायची वेळ अनेकांवर येते, म्हणून उपचार थांबला असं होत नाही. पण तुम्ही सांगितलंच नाहीत तर कमी करायचं हे मला कळणार कसं? मी तर तुमच्या शून्यांवर विश्वास ठेवून पुढचा डोस लिहिला."

"बोटं परत येतील?"

"बहुतेकांची येतात," डॉक्टर म्हणाले. " सावकाश, महिने लागतात. पूर्ण येतील असा शब्द देत नाही. पाच आठवड्यांपूर्वी कळलं असतं तर बरं होतं, एवढंच."

परत येताना सिस्टरांनी बारीक बारीक गोष्टी सांगितल्या. पाणी कोपराने तपासून अंगावर घ्यायचं, झोपण्याआधी हात-पाय डोळ्यांनी बघायचे, कात्री आणि इस्त्री सध्या दुसऱ्याच्या हातात द्यायची, सुईला तर हातच लावायचा नाही. "टोचलं तर कळणार नाही, आणि चौथ्या केमोत साधी जखमही महाग पडते."

"मग मी दुकानात बसून करू काय?"

"माप घ्या की," बायको म्हणाली. "बडबड करायला बोटं लागत नाहीत. काज-बटणं मी तीस वर्षं करतेच आहे, शिलाईला माणूस ठेवू. पण कापड मी कापणार, आणि तुम्ही मागून टोकायचं नाही."

"टोकणार."

"टोका. मी ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर पहिलं गिऱ्हाईक नेहमीचे वकीलसाहेब. कोटाचं कापड टेबलावर टाकत म्हणाले, "मास्तर, येत्या मंगळवारी हवाय."

मास्तरांच्या तोंडावर उत्तर तयार होतं. मंगळवारी या, एकदम तयार. चाळीस वर्षांत त्यांनी दुसरं उत्तर दिलंच नव्हतं, आणि एकही मंगळवार पाळला नव्हता. जिभेवर आलेलं ते उत्तर त्यांनी गिळलं.

"मंगळवारी नाही व्हायचा," ते म्हणाले. "बोटं बधिर झालीत माझी. ही कापेल, दुसरा शिवेल, मी बघेन. महिना धरा."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून मास्तरांकडे नीट पाहिलं. तारीख मागितल्यावर खरी तारीख सांगणारा शिंपी त्यांच्या वकिलीत कधी साक्षीला आला नव्हता.

"मास्तर," खुर्ची ओढून समोर बसत त्यांनी काळजीने विचारलं, "फार दुखतंय का हो?"

"दुखत नाही, तीच तर पंचाईत आहे," मास्तर म्हणाले आणि सांगायला लागले.