कुंदाबाईंचे ऐकणे

मित्रांनो, सोनगीरच्या एका घरात, फडताळाच्या वरच्या खणात, पिवळ्या फडक्याखाली काहीतरी काळे आणि चौकोनी दिसते ना, तो मी. तुमच्या वयाची मुले मला जुना रेडिओ समजतात. रेडिओही माझ्यात आहे, पण तो जोडीला. मी मुळात टेपरेकॉर्डर आहे. आता जुना झालो, कामाचा राहिलो नाही; पण एके काळी माझ्यासमोर बसून एका बाईने जसे ऐकले, तसे ऐकणारे माणूस मी पुन्हा पाहिले नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लांबच लांब टेबलावर कोणी माझी मोटार बसवली, कोणी रबरी पट्टा ओढून लावला, कोणी हेड घट्ट केले. हेड म्हणजे कॅसेटची फीत जिला घासून जाते ती छोटी चकचकीत पट्टी. माझा कान तीच आणि माझी जीभही तीच. मग खोक्यात बंद होऊन मी जळगावच्या बाजारात एका दुकानाच्या काचेमागे येऊन बसलो. चौऱ्याऐंशीचे साल असावे. त्या वर्षी केळीला भाव बरा मिळाला होता. सावद्याचे निंबाभाऊ दुकानात आले, त्यांनी माझ्या मुठीला धरून वजन पाहिले आणि मला घेतले. त्यांना बातम्या आणि क्रिकेट ऐकायचे होते. गाण्याशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते.

सावद्याला ओसरीवरच्या फळीवर माझी जागा ठरली. निंबाभाऊ सकाळी बातम्या लावत आणि केळीच्या बागेत निघून जात. दुपारी सगळे आवरल्यावर त्यांच्या घरच्या, कुंदाबाई, सूप घेऊन माझ्याजवळ बसत. सुपात तूर असे, कधी मूग. कॅसेट लागली की थोड्या वेळात त्यांचे हात थांबत. धान्य तसेच राही.

कॅसेटी त्यांच्याकडे फार नव्हत्या. कोणी सिनेमाची गाणी मागितली तर त्या लावून देत, पण स्वतःसाठी त्या तीनच फिरवत. एक होती धुळ्याच्या पंडित मास्तरांची. मास्तर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. पहिल्या बाजूला वरातीच्या चाली, आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी नवरीच्या पाठवणीची एक संथ धून. कुंदाबाई म्हणत, "वरात तर कोनीबी वाजवते. हा मानूस नवरीच्या मायच्या तोंडाकडे पाहून वाजवते." दुसरी कॅसेट कौतिकबुवांच्या भजनांची. बुवांचा मृदंग जरा जास्तच मोठा वाजे, टाळ मागे पडत. पण कुंदाबाईंना बुवा आवडत, कारण ते देवाकडे काही मागत नसत. शेजारच्या ओट्यावर बसलेल्याशी बोलावे तसे देवाशी बोलत.

तिसरी कॅसेट सोनगीरच्या धुरपदाबाईंची. श्रावणात घरी बसवतात त्या कानबाई देवीची गाणी, दळणाची गाणी, माहेरची गाणी, सगळी खानदेशच्या अहिराणी बोलीतली. वेष्टनावर डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईंचा फोटो आणि खाली नाव, गाव. हा आवाज गोड नव्हता. भाकरीसारखा होता, मधे फुगलेला आणि कडेला किंचित करपलेला. दोन ओळींच्या मधे धुरपदाबाई श्वास घेत, तो स्पष्ट ऐकू येई. कुंदाबाई त्या श्वासाचीच वाट पाहत. शेजारणीने एकदा विचारले, "त्या बाईचं असं काय आवडते तुले?" तर म्हणाल्या, "ती दम घेते नं, तवा वाटते माझ्याजवळच बसेल आहे."

मित्रांनो, अशी काही वर्षे गेली. मला त्यांनी भरतकामाचे झाकण शिवले होते. कापसाच्या बोळ्याने त्या माझे हेड पुसत. मी सुखात होतो.

मग एके दिवशी त्यांनी पाठवणीची धून अर्ध्यात थांबवली, फीत मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा मागे घेतली. माझ्या आवाजाचे चाक पार शेवटपर्यंत फिरवले. आतून निंबाभाऊ ओरडले, "अवं, कमी कर ते! बहिरी झाली का काय?"

ते गमतीने म्हणाले होते.

कुंदाबाईंना वाटले, दोष माझ्यात आहे. पुढच्या खेपेला निंबाभाऊ जळगावला निघाले तेव्हा त्याही मला पिशवीत घालून बरोबर आल्या. जळगावला अभिमन मिस्त्रींचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. मिस्त्रींनी मला उघडले, हेड पुसले, पट्टा बदलला, मोटारीला तेलाचा थेंब दिला. कुंदाबाईंनी पंडित मास्तरांची कॅसेट पुढे केली.

"हे लावा. मास्तर वर जातात नं, तिथं हे एकदम गप होते. वरचा सूर येतच नाही."

मिस्त्रींनी कॅसेट लावली. धून सुरू झाली. ती जागा आली तेव्हा कुंदाबाईंनी बोट वर केले. "पाहा, इथं. काहीच नाही."

मिस्त्री गोंधळले. "आला की, अक्का. चांगला स्वच्छ आला."

"कुठी आला?"

मिस्त्रींनी फीत मागे घेऊन परत लावली. मी माझ्याकडून होता तेवढा सगळा जीव लावला. क्लॅरिनेट चढत गेले, वर टोकाशी जाऊन थरथरले आणि उतरले. दुकानाच्या पायरीवरचा एक अनोळखी माणूससुद्धा मान वळवून पाहू लागला. कुंदाबाईंनी निंबाभाऊंकडे पाहिले. निंबाभाऊ जमिनीकडे पाहत होते.

"तुमाले आला का?" त्यांनी विचारले.

"आला," निंबाभाऊ म्हणाले.

कुंदाबाईंनी कॅसेट काढून घेतली, पदराने पुसली आणि पिशवीत ठेवली.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितले की कानाची शीर सुकत चालली आहे. आधी बारीक आवाज जातील, मग बाकीचे. त्यांनी कानात घालायचे यंत्र दिले. त्याची डबी चोळीला अडकवायची, वायर कानापर्यंत न्यायची. त्या यंत्राने भांडी आदळलेली ऐकू येत, ट्रकचा भोंगा ऐकू येई, पण माझ्यासमोर बसल्यावर ते नुसते शिट्टी मारी. "हे आवाज देते, गानं नाही देत," असे म्हणून कुंदाबाईंनी ते ट्रंकेत ठेवून दिले.

त्यानंतर मी निंबाभाऊंमध्ये एक बदल पाहिला. ते दुपारी घरी येऊ लागले. बागेतून येऊन, पाय धुऊन, ओसरीवर बायकोशेजारी बसू लागले. कॅसेट लागली की कुंदाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत आणि विचारत, "आता काय?"

पहिल्यांदा निंबाभाऊंना सांगताच येईना. "वाजू राह्यलं," एवढेच ते म्हणत.

"वाजू राह्यलं ते मले माहीत आहे. कसं वाजू राह्यलं?"

"आता... आता मास्तर वर गेला."

"मंग?"

"रडू राह्यला."

"रडत नाही तो," कुंदाबाई म्हणत. "थांबला असंन. त्या जागी तो थांबते. नीट ऐका."

निंबाभाऊ मान माझ्याजवळ आणत. "हो. थांबला खरा." आणि थोड्या वेळाने आपण होऊन सांगत, "आता उतरू राह्यला. हळूहळू. जिना उतरावा तसा."

मित्रांनो, ऐकायला कोणी शिकवत नाही. शाळेत गायला शिकवतात, पेटी शिकवतात. निंबाभाऊंना मात्र त्यांच्या बायकोने ऐकायला शिकवले, तेही स्वतःला ऐकू येईनासे होत असताना. आधी पंडित मास्तरांचे सूर गेले, मग बुवांचे टाळ गेले. धुरपदाबाईंचा आवाज जाड, म्हणून तो शेवटपर्यंत टिकला. कुंदाबाई माझ्या जाळीवर तळहात ठेवून तो ऐकत. मग एका उन्हाळ्यात तळहातालाही नुसती थरथर उरली. तेव्हा त्या निंबाभाऊंना म्हणाल्या, "मले सोनगीरले न्या."

"आता जाऊन काय करशीन? ऐकू तर येत नाही."

त्यांनी ओठांवरून ओळखले. म्हणाल्या, "त्या गातात कशा ते पाह्यचं आहे मले."

एस.टी.ने जळगाव, तिथून धुळे, धुळ्याहून सोनगीर. उन्हातला प्रवास, मी कुंदाबाईंच्या मांडीवर. किल्ल्याच्या पायथ्याशी वस्तीत विचारत विचारत आम्ही एका घराशी आलो. दारात एक म्हातारी बाई कांदे निवडत होती. फोटोतला पदर तोच होता, चेहरा मात्र पार वाळला होता.

"कोनता गावथीन उनात?" कुठल्या गावाहून आलात, असे त्यांनी विचारले.

निंबाभाऊंनी सगळे सांगितले. धुरपदाबाईंनी कुंदाबाईंना हाताला धरून आत नेले, सुनेला, तानुबाईला, पाणी आणायला सांगितले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"हाई कसाले आनं?"

"तुमची कॅसेट आहे यात," निंबाभाऊ म्हणाले.

मग जे कळले ते ऐकून माझा पट्टा सैल झाल्यासारखे वाटले. त्यांनी स्वतःची कॅसेट कधी पुरती ऐकलीच नव्हती! धुळ्याच्या एका कॅसेटवाल्याने त्यांना एका दुपारी बोलावून गाणी भरून घेतली होती. घरी वाजवायला काही नव्हते. जत्रेत एखाद्या दुकानातून आपला आवाज कानावर पडे, पण गर्दीत उभे राहून आपलेच गाणे ऐकायची त्यांना लाज वाटे.

निंबाभाऊंनी माझे बटण दाबले.

धुरपदाबाई आधी अवघडून बसल्या. मग पुढे झुकल्या. एका ओळीला त्यांनी कपाळाला आठी घातली. "हाई मी घाईमा म्हनं. तो कॅसेटवाला मानूस सारखा घड्याळ दखी राह्यंता." दुसऱ्या गाण्याला त्यांचे ओठ हलू लागले. तिसऱ्याला डोळे मिटले. माहेरच्या गाण्यात,

बांधवर उभी मनी माय वं,
पदर वारावर जाय

ही बांधावर उभ्या आईची ओळ आली आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आले. त्यांनी ते पुसले नाही.

कुंदाबाई त्यांच्यासमोर बसून हे सगळे पाहत होत्या. त्यांना माझ्यातला एकही सूर ऐकू येत नव्हता. पण कुठली ओळ चालू आहे हे त्या चेहऱ्यावरून त्यांना कळत होते. दोन ओळींच्या मधे त्याही नेमक्या ठिकाणी श्वास घेत होत्या. मी दोघींच्या मधे होतो म्हणून सांगतो. श्वास एकाच वेळी तीन ठिकाणी होत होता: माझ्या फितीत, धुरपदाबाईंच्या छातीत आणि कुंदाबाईंच्या.

कॅसेट संपली तेव्हा धुरपदाबाईंनी विचारले, "माय, तुले ऐकू येत नही, मंग इतली दूर उनी ती काय भेटनं तुले?"

निंबाभाऊंनी ओठ मोठे हलवून तो प्रश्न कुंदाबाईंना पोचवला. कुंदाबाई म्हणाल्या, "आजवर मी एकटीच ऐकत होती. आज तुम्ही ऐकताना पाह्यलं."

निघायची वेळ झाली. निंबाभाऊंनी मला पिशवीत घालायला उचलले. कुंदाबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मग धुरपदाबाईंकडे पाहिले. मित्रांनो, त्या क्षणी मला निंबाभाऊंचे वाईट वाटले. कुंदाबाईंना माझा उपयोग उरला नव्हता, हे खरे. पण निंबाभाऊंना तर आता कुठे ऐकण्याची गोडी लागली होती. दुपारी ओसरीवर आता ते काय ऐकणार होते? मग त्यांनी मला फडताळात ठेवले, माझ्यावरची धूळ हाताने झटकली आणि म्हणाले, "राहू द्या इथंच. ज्याचा आवाज त्याच्या घरी बरा."

तेव्हापासून मी सोनगीरचा झालो. धुरपदाबाई रोज स्वतःची कॅसेट लावत आणि माझ्याबरोबर गात. जिथे घाई झाली होती तिथे त्या सावकाश जात, मी पुढे निघून जाई, त्या मागून येत आणि हसत. श्रावणात कानबाई बसली की निंबाभाऊ आणि कुंदाबाई सावद्याहून येत. बायका गात, कुंदाबाई त्यांच्या मधोमध बसत.

धुरपदाबाई गेल्या त्याला आता काही वर्षे झाली. मग माझ्याकडे कोणी फिरकले नाही. गावात रंगीत टीव्ही आले. माझ्यात राहिलेले सेल फुटून त्यांचे पाणी आत झिरपले आणि तारा हिरव्या पडल्या. पट्टा वितळून मोटारीला चिकटला. दोष कोणाला द्यावा? तानुबाईला रोजचे काम थोडे नव्हते.

यंदाच्या श्रावणात सावद्याची ती दोघे बऱ्याच वर्षांनी पुन्हा आली. निंबाभाऊंचे केस पांढरे झाले आहेत. तानुबाईने मला खाली काढले, पुसले. निंबाभाऊंनी कॅसेट घातली, बटण दाबले. मी फार धडपडलो. माझ्याकडून नुसते टक् झाले.

त्यांनी पुन्हा दाबले. मग हात काढून घेतला.

कुंदाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. "आता काय?" त्यांनी विचारले.

निंबाभाऊंनी घसा साफ केला आणि ते स्वतःच म्हणू लागले. माहेरचे गाणे, पहिल्या ओळीपासून. आवाज भसाडा, सूर इकडचा तिकडे. पण एकही शब्द चुकला नाही, आणि दोन ओळींच्या मधे श्वास अगदी त्या ठिकाणी पडला. कुंदाबाई त्यांच्या ओठांवरची नजर न हलवता ऐकत होत्या. चुलीजवळून तानुबाईने सासूच्या चालीत दुसरी ओळ उचलली. आयुष्यभर मी दुसऱ्यांना ऐकवत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी स्वस्थ बसून ऐकले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्यातले सेल काढून ठेवा, कापसाने त्याचे हेड पुसा, महिन्यातून एकदा तरी त्याला फिरवा. आणि घरात कोणी काम करता करता गुणगुणत असेल, तर हाक मारायची घाई करू नका. दाराशी थोडे थांबा. ते माणूस श्वास कुठे घेते, तेवढे ऐकून घ्या.