तारेजवळची ऊब

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यातले निम्मे दिवस दुष्काळाचेच. उदगीरच्या घरचा आड आटला, तशी गुरम्मा सुनेकडं लातूरला आली.

सून जगदेवी कॉलेजात कॅन्सरच्या पेशींवर काम करायची. एका उबदार कपाटात काचेच्या दोन बशा, दोन्हीत त्याच पेशी. एकीभोवती विजेच्या तारेचं वेटोळं, दुसरी लांब. वेटोळ्यातल्या पेशी भराभर वाढल्या, म्हणजे विजेच्या तारेनं कॅन्सर वाढतो, असा निकाल निघाला. नव्या जिल्ह्यातलं मोठं संशोधन म्हणून सोमवारी कलेक्टर कचेरीत सत्कार ठरला. गुरम्मानं ते निघण्याआधीच उदगीरभर दुकानोदुकानी सांगितलं होतं.

शनिवारी ती डबा घेऊन प्रयोगशाळेत गेली. जगदेवीनं बशा काढून कपाट रिकामं केलं होतं; वेटोळ्यातली वीज चालूच होती.

"बघायचंय तर आता घाला हात, आत्याबाई."

गुरम्मानं तळहात लांबच्या कोपऱ्यात धरला, मग तारेपाशी. परत लांब. चाळीस वर्षं चुलीच्या कडेला विरजण ठेवणारा हात तो.

"काय गं, हितं ऊब जास्त हाय की! त्यानंच वाढल्या नसतील कशावरून?"

"आत थर्मामीटर आहे, आत्याबाई."

"हाय न्हवं, मधोमध! नवरी एका मांडवात अन् अक्षता दुसऱ्यात."

जगदेवीनं थर्मामीटर वेटोळ्यात धरला. पारा दीड अंश वर चढला. तिनं परत एकदा धरून बघितला; पारा तेवढाच.

गुरम्माची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "ऱ्हाऊ दे गं. म्या अडाणी बाई. माझ्या हाताचं काय ऐकती?"

तेवढ्यात विभागप्रमुख मल्लिकार्जुन सर आले. जगदेवी त्यांच्याकडं वळली. "सर, सत्कार थांबवा. परिणाम तारेचा की उबेचा, मला सांगता येत नाही."

"अहो, पत्रिका वाटल्या! एवढं बारीक कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

गुरम्मा बघतच राहिली. घरात एवढे बाप्ये. पण चारचौघांत आपली चूक आपणच काढलेला एक नव्हता. आणि तिनं स्वतः तर जन्मात कधी काढली नव्हती.

"कुणी दाखवलं हे?" सरांनी विचारलं.

"आमच्या आत्याबाईंनी."

"म्या निस्ता हात लावला," गुरम्मा पदर सावरत म्हणाली. "दोन वर्षांचं काम परत मांडायची छाती हिची हाय. अशी सून लातुरात दुसरी दाखवा मला, सर."

सर कलेक्टर कचेरीत फोन करायला गेले. जगदेवीनं वहीत लिहिलं, 'पहिला निकाल रद्द,' आणि दुसऱ्या बशीच्या जागेवर बारका बल्ब बांधायला घेतला, म्हणजे दोन्हीकडं ऊब सारखी.

"आधी भाकर खा," गुरम्मा डबा उघडत म्हणाली. "तवर म्या धरते बल्ब."