वाचून झालेली पुस्तकं

आमचे हे, म्हणजे दामोदरराव, मान कापली तरी ‘मला येत नाही’ म्हणणार नाहीत. पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या पलटणीत होते, तो ताठा यांच्यात पुरेपूर उतरलाय. मराठी मात्र बोलण्यापुरतीच उतरली. आम्हा दोघांचीही शाळा कन्नडमधली, हिंदी नावापुरती. दुकानाची पाटी अक्षराला अक्षर लावून वाचू, पण मराठी पुस्तक वाचणं आमच्या आवाक्याबाहेरचं.

काही वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर पुण्याचा मिलिंद राहायला आला. कंप्युटरची नोकरी, एकटा जीव, घरात पुस्तकंच पुस्तकं. खालच्या घरात मराठी ऐकून तो हरखलाच.

“काका, वाचता का मराठी?”

“वाचतो की!” यांनी ठोकून दिलं. मी आत कपाळावर हात मारून घेतला.

मग सुरू झाली ती यादी. मिलिंद नावं सांगायचा, हे जुन्या डायरीत भराभर कन्नडमध्ये उतरवायचे आणि वर ‘हाताला कन्नडचीच सवय हो’ म्हणायचे. त्या यादीचे लाड काय सांगू! हे पुस्तक आधी, ते उन्हाळ्यात, जाडजूड आहे ते दसरा आटोपल्यावर. मग पुस्तक घरी यायचं. हे खुर्चीत उघडून बसायचे, एखादी ओळ कशीबशी लावायचे आणि चष्म्याला शिव्या घालायचे. पंधरवड्याने पुस्तक परत जायचं आणि यादीतल्या नावावर पट्टीने रेघ पडायची. एक नाव खोडलं की मिलिंद आणखी तीन सांगायचा.

“कसं वाटलं, काका?”

“छान! तुंबा छान!”

प्रत्येक पुस्तक तुंबा, म्हणजे खूप छानच. माझं डोकं फिरायचं. “अहो, सांगून टाका त्याला. नाहीतर नातीच्या हिंदीच्या पुस्तकातनं अक्षरं तरी गिरवा.”

“या वयात? काय म्हणंल तो? सुम्ने गप्प बस गे.”

नुसती फुशारकी असती तर मी सोडूनही दिलं असतं. पण यांना खरोखरच वाचायचं होतं. कुठल्या पुस्तकात काय आहे ते मिलिंद सांगायला लागला की यांचा चहा गार व्हायचा. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

गेल्या महिन्यात मिलिंदची पुण्याला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं आणि तो एक खोकं घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

“यादीतली उरलेली सगळी यात आहेत. तुमच्याइतकं मन लावून कोण वाचणार, काका?” मग जरा घुटमळला. “एक विचारू? इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याशी एकदाही वाद घातला नाहीत. मला वाटायचं, माझी आवड तुम्हाला पोरकट वाटते, म्हणून छान म्हणून वाटेला लावता.”

यांनी खोक्यावर हात ठेवला. “तसं नव्हे हो, मिलिंद,” हे म्हणाले. “मला ही अक्षरं वाचायला येत नैत.”

मिलिंदने खोकं खाली ठेवलं. रागावेल असं मला वाटलं, पण त्याचे डोळे भरले होते.

“अहो काका, मी वाचून दाखवलं असतं की. रोज. मला तरी इथे संध्याकाळी दुसरं काय होतं?” मग घाईघाईने म्हणाला, “आता फोनवर वाचत जाईन.”

“फोनवरचं मला कुठं ऐकू येतंय?” हे म्हणाले, आणि ते खरंच होतं.

त्याने खोक्यातलं वरचं पुस्तक उचललं आणि मोठ्याने वाचायला लागला. एक खलाशी कित्येक वर्षांनी गावी परततो. बायको दार उघडते आणि त्याला ओळखतच नाही. हे कानामागे हात धरून, पुढे वाकून ऐकत होते. बाहेरून ट्रकवाल्याने हॉर्न मारला, मग पुन्हा मारला. मिलिंदने पान दुमडलं, आम्हा दोघांच्या पाया पडला आणि गेला.

संध्याकाळी हे ते पुस्तक घेऊन माझ्याजवळ आले. दुमडलेलं पान उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं.

“मग काय झालं असंल गे? घेतलं का तिनं त्याला घरात?”

मलाही न लागणाऱ्या त्या ओळींवरून मी बोट फिरवत बसले, आणि हे उत्तराची वाट बघत माझ्या तोंडाकडे बघत राहिले.