विहिरीचा प्रसंग

"मला आधी एवढंच सांगा," माइक हातात येताच बापूराव म्हणाले, "ज्या माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, तो पुण्यात गाडी लावायला जागा कशी शोधतो? मला सगळं आठवतंय, तरी मिळत नाही."

सभागृह हसलं. मंचावर बसलेले डॉक्टर केदारही हसले. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली चंपा पोकळेही हसली, पण सवयीने तिचं लक्ष बोलणाऱ्याच्या शब्दांकडेच होतं.

दवाखान्याच्या स्मृती विभागाने हा खेळ पेशंटांच्या घरच्यांसाठी ठेवला होता. सिनेमा नुकताच गाजलेला, थरारपट. अपघातात स्मृती गेलेला एक रेडिओ निवेदक, 'मी तुझी बहीण' असं सांगून त्याच्या घरात राहणारी एक बाई, आणि ती खरंच बहीण आहे की नाही, याचा प्रेक्षकाच्या जिवाला लावलेला घोर. सिनेमा संपला होता, दिवे लागले होते, आणि आता लोकांनी मतं सांगायची होती. ज्यांच्या घरात रोज कोणी ना कोणी काही ना काही विसरत होतं, त्यांना या सिनेमाबद्दल काय वाटतं, हे डॉक्टरांना ऐकायचं होतं.

विभागात येणाऱ्या पेशंटांच्या स्मृतीच्या चाचण्या चंपा घेत असे. त्यातली एक चाचणी गोष्टीची. पेशंटला छोटीशी गोष्ट वाचून दाखवायची, मध्ये दुसरी कामं द्यायची आणि अर्ध्या तासाने म्हणायचं, आता सांगा. प्रत्येक बरोबर तपशिलाला एक खूण, आणि गोष्टीत नसलेलं काही घातलं तर वेगळी खूण. येरवड्याच्या तुळजाबाई लेकीकडे निघाल्या आणि त्यांची चष्मा ठेवलेली पिशवी बसमध्ये राहिली, ही ती गोष्ट. चंपाने ती इतक्या वेळा वाचली होती की कागद आता फक्त पेशंटला दाखवण्यापुरता हातात असायचा. सिनेमावर बोलणाऱ्या लोकांनाही ती मनातल्या मनात खुणा करत होती. हा बरोबर. हिने नाव चुकवलं. याने शेवट आधी सांगितला.

"मला ओव्हरऑल आवडला," ऋतिका उभी राहून म्हणाली. ती आयटीत होती, वडिलांना एकटीने सांभाळायची. "बट ती विहिरीची फ्रेम आहे ना, तिथे मला क्लिअर झालं की बहीण फेक नाहीये. तिने त्याला ढकललं नाही, मागे ओढलं. ट्विस्ट मला ॲक्च्युअली तिथेच कळला."

विहीर? चंपाने मनात वेगळी खूण केली. नसलेला तपशील. तिला ऋतिकाची कीव आली. पोरीची झोप होत नसणार. वडील रात्री घरभर फिरतात, म्हणाली होती मागच्या वेळी. थकलेल्या डोक्यात दोन सिनेमे एकमेकांत मिसळतात, त्यात नवल नाही.

"ओढलं कसलं? ढकललंच!" बापूराव माइकशिवाय म्हणाले. "मग तिची बांगडी विहिरीत कशी पडली?"

"काका, ओढताना पडली."

"अहो, तुम्ही आजवर कोणाला विहिरीतून ओढलंय का? मी धायरीत बैल ओढलाय. बांगडी मागे पडते, पुढे नाही."

लोक पुन्हा हसले. मागच्या रांगेतून कोणी म्हणालं, काका बरोबर बोलतायत. दुसरं कोणी म्हणालं, अंधारात काय दिसतंय. सगळं सभागृह विहिरीच्या काठावर येऊन भांडायला लागलं.

चंपाने ऋतिकासाठी केलेली ती वेगळी खूण मनातच खोडली.

तिने सिनेमा सुरुवातीपासून मनात चालवून पाहिला. रेडिओचा स्टुडिओ होता. पिवळा पडदा होता. लसूण सोलता सोलता खोटं बोलणारी बहीण होती. फौजदार होता. शेवटी भावाच्या जागी बसून बातम्या वाचणारी बहीण होती. सगळं सलग होतं. मध्ये कुठे अंधार नव्हता, फट नव्हती, सांधाही दिसत नव्हता. तिच्या सिनेमात विहीर नव्हती आणि विहिरीवाचून तो पुरा होता. तिला भीती वाटली ती याचीच.

"आपण मतदानच घेऊ," डॉक्टर म्हणाले. "ढकललं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हात वर झाले.

"आता ओढलं म्हणणारे."

उरलेले हात वर झाले. डॉक्टर शेजारी वळले. "आमच्या चंपाताईंचा हात कुठेच नाही. ताई, तुम्ही एवढ्या लोकांच्या स्मृती तपासता. तुमचं काय मत?"

माइक तिच्या हातात आला.

"प्रत्येकाने तो प्रसंग आपापल्या अनुभवातून पाहिला," चंपा म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. "दिग्दर्शकाने दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या आहेत. मला वाटतं, तेच या सिनेमाचं बळ आहे."

टाळ्या पडल्या. बापूरावांनी दोन्ही हात वर केले, माइक द्या म्हणून.

"मॅडम, रागावू नका. आमची ही पण हल्ली असंच बोलते. परवा विचारलं, आमटी कशी झाली? म्हणाली, ज्याची त्याची आवड. वा! म्हटलं, काय बोललीस! नंतर लक्षात आलं, आमटी खाल्ल्याचंच तिला आठवत नव्हतं. सगळ्यांना चालेल असं बोलायला लागलं माणूस, की समजायचं."

सभागृह हास्यात बुडालं. बापूरावही हसत होते. हसता हसता त्यांची नजर मंचाकडे गेली आणि चंपाच्या चेहऱ्यावर थांबली. त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी माइक शेजारच्या बाईंना दिला आणि खाली बसले.

*

लोक चहाला गेल्यावर चंपा मंचामागे आली. तिची सहकारी नम्रता माइकची वायर गुंडाळत होती. नम्रता चंपाच्याच हाताखाली चाचण्या घ्यायला शिकली होती, आणि सिनेमा पाहताना तिच्या शेजारीच बसली होती.

"नम्रता, मी मध्ये बाहेर गेले होते का गं?"

"सिनेमा चालू असताना? नाही, ताई."

"मग डुलकी लागली असेल मला."

"डुलकी?" नम्रता हसली. "विहिरीच्या सीनला तुम्ही माझा हात असा आवळलात, की बांगडी रुतली. हे बघा ना." तिने मनगट पुढे केलं. बारीक लाल वळ होता. "मी म्हटलं, आपल्या ताई एवढ्या घाबरतात! आता सगळ्यांना..."

चंपा त्या वळाकडे पाहत होती. वळावरून तिने बोट फिरवलं, जशी एखादी अनोळखी वस्तू हाताळून पाहावी.

"मला विहीर आठवत नाही," ती म्हणाली.

नम्रताने वायर खाली ठेवली. "ताई, दगदग किती झाली या आठवड्यात. कार्यक्रमाचं सगळं तुमच्यावरच होतं. बी ट्वेल्व्ह कमी असेल. थायरॉइड असेल. तुम्हीच नाही का सांगत, आधी हे बघा म्हणून?"

"तेही बघू. आधी चाचणी घे माझी."

"कुठली? ती तर तुम्हाला पाठ आहे."

"म्हणून तर. तुळजाबाईंची पिशवी मी मरेपर्यंत विसरणार नाही." चंपा खुर्चीवर बसली. "नवी गोष्ट लिही. तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच तपशिलांची. मला दाखवू नकोस."

"एका सिनेमावरून ताई..."

"एका सिनेमावरूनच. गेल्या कित्येक वर्षांत मला कोणी नवी गोष्ट सांगून ती परत विचारली आहे का? मीच सगळ्यांना विचारते. तो रिक्षावाला आठवतो? उत्तरेश्वर. लातूरकडचा."

"रिक्षा बंद करावी लागली ते?"

"माझ्या खुणांवरून बंद करावी लागली. बाहेर पडताना म्हणत होता, मॅडम, पिशवीत चष्मा होता, हे मी सांगितलं होतं. मी म्हटलं, नाही सांगितलंत. सगळे असंच म्हणतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही." तिने वर पाहिलं. "त्याने सांगितलं असेल आणि माझ्यापाशीच ते राहिलं नसेल, तर?"

नम्रताने वायर उचलून पुन्हा गुंडाळायला घेतली.

"आणि डॉक्टरांना?" तिने विचारलं.

"उद्या. मीच सांगेन."

*

धायरीच्या घरी तिचा नवरा संपत अंगणातल्या रोपांच्या पिशव्यांना पाणी घालत होता. घरचं रान गेल्यावर त्याने उरलेल्या तुकड्यावर रोपवाटिका काढली होती. तिची स्कूटर आत येताना पाहून त्याने नळ बारीक केला.

"कसा हुता पिक्चर?"

"चांगला होता."

"ष्टोरी सांग की. मला कुठं येळ हाय बघायला."

चंपाने पायरीवर बसून सांगितली. रेडिओ सांगितला, पिवळा पडदा सांगितला. मग अंधारातली विहीर सांगितली, कठडा सांगितला, बहिणीने पुढे केलेला हात सांगितला, बांगडी खाली पडल्याचा आवाज सांगितला. संपत पाणी विसरून ऐकत राहिला. इतकी रंगवून गोष्ट तिने त्याला कधी सांगितली नव्हती. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, बांगडी बापूरावांची आहे, हात ऋतिकाचा आहे, आणि भीती नम्रताच्या मनगटावरची. विहिरीत तिचं स्वतःचं काहीच नाही.

"मग ढकललं, का ओढलं तिनं?"

"माहीत नाही."

"आसं कसं? तू बघितलास न्हवं?"

"लोकांत दोन्ही मतं आहेत," चंपा म्हणाली, आणि उठून आत गेली. स्वयंपाकघरात जाऊन ती ओट्याला टेकून उभी राहिली. बापूराव आता इथे असते तर हसले नसते, असं तिला वाटलं.

*

सोमवारी पेशंट यायच्या आधी दोघी खोलीत आल्या. चंपा सवयीने खिडकीकडच्या खुर्चीकडे वळली, थांबली, आणि टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसली. इथून भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही, हे तिला आजच कळलं. पेशंटाला वेळेकडे बघता येऊ नये म्हणून ते तिनेच मागच्या भिंतीवर लावून घेतलं होतं.

नम्रताने कागद उघडला. तिने तो चेहऱ्यासमोर धरला.

"टेबलावर ठेव तो," चंपा म्हणाली. "हळू वाच. एका सुरात. आणि मी चुकले, तर चेहरा हलू द्यायचा नाही. पेशंट आपल्या चेहऱ्यावरून गोष्ट वाचतात."

नम्रताने मान हलवली आणि वाचायला सुरुवात केली.

"धायरीच्या इंदुबाई सकाळी ज्वारी घेऊन गिरणीत गेल्या. गिरणी बंद होती. शेजारच्या शिंप्याने सांगितलं, गिरणीवाल्याचा मुलगा चिंचेवरून पडला म्हणून त्याला दवाखान्यात नेलं आहे. इंदुबाईंनी ज्वारीचा डबा शिंप्याकडे ठेवला आणि त्या मुलाला बघायला गेल्या. मुलाच्या पायाला प्लास्टर होतं. त्याने विचारलं, आजी, माझी चप्पल चिंचेखाली राहिली का?"

वाचून झाल्याबरोबर चंपाने गोष्ट परत सांगितली. जवळजवळ शब्दन् शब्द. नम्रताने मोठा श्वास घेतला. चंपाने घेतला नाही. पहिल्यांदा पुष्कळांना सांगता येतं.

मग मधली कामं झाली. चंपाने घड्याळाचं चित्र काढलं. शंभरातून सात-सात वजा करत गेली, कुठेही अडखळली नाही. ठोकळे जुळवले. उजेड सरकून टेबलाच्या कडेपर्यंत आला.

"आता," नम्रता म्हणाली, "मघाची गोष्ट सांगा."

"धायरीच्या इंदुबाई ज्वारी दळायला गेल्या." चंपा शांतपणे बोलत होती. "गिरणी बंद होती. गिरणीवाल्याला बरं नव्हतं, त्याला दवाखान्यात ठेवलं होतं. मग इंदुबाई त्याला बघून आल्या. आणि ज्वारी घेऊन घरी गेल्या."

ती थांबली. गोष्ट पुरी झाली होती. तिने पुन्हा एकदा ती आतून चाचपून पाहिली. बाई, गिरणी, दवाखाना, घर. कुठे फट नव्हती. कालच्या सिनेमातही नव्हती.

"काही राहिलं का गं?" तिने विचारलं. हा प्रश्न या खुर्चीतून सगळेच विचारतात.

नम्रताचा चेहरा हलला नाही. पापणीसुद्धा नाही. पेन्सिल कागदावर आडवी ठेवून ती म्हणाली, "छान सांगितलंत."

कोणालाही, कितीही आठवलं तरी, शेवटी हेच म्हणायचं असतं. चंपानेच तिला ते शिकवलं होतं.

"बरोबर," चंपा म्हणाली. "अशीच घेत जा."

तिने खुणांचा कागद मागितला नाही. उठून खुर्ची टेबलासमोर नीट सरकवली. पदर सारखा केला आणि दार उघडलं. बाहेर बाकावर एक आजोबा मुलीसोबत बसले होते. तिला पाहताच ते धडपडत उभे राहिले.

"मॅडम, तुम्हीच घेणार ना चाचणी? तुमचं नाव सांगितलंय आम्हाला."

"नम्रता मॅडम घेतील. जा आत. निवांत बसा, घाई नाही काही."

आजोबा आत गेले. आतून नम्रताचा आवाज आला, बसा आजोबा. चंपाने दार लोटून घेतलं आणि ती डॉक्टर केदारांच्या खोलीकडे निघाली. रोज ती हातात कागद घेऊन, न विचारता आत शिरत असे. आज खोलीचं दार सताड उघडं होतं, डॉक्टर फोनवर बोलत होते. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. फोन संपेपर्यंत वाट पाहिली. मग उघड्या दारावर हलकेच बोट वाजवलं.

"आत येऊ का, डॉक्टर?"