बिनतारखेच्या चिठ्ठ्या

माझ्या नातीचा सासरा एका कचेरीत जन्मभर टपालावर नंबर घालत बसला. निवृत्त झाला, पण हात काही थांबेना. घरात मांजर दूध पिऊन गेली तर तिच्याकडूनही पोच घ्यायचा. खोटं वाटत असेल तर मांजरीला विचारा.

लग्नाला महिना झाला नसेल, माझ्या मुलाला, म्हणजे नातीच्या बापाला, त्याचं पहिलं पत्र आलं. विषय, जावयास मोटारगाडी देण्याबाबत. त्याने ते लाजेने फाडून टाकलं. मग दुसरं, तिसरं. हा आपला फाडतोय. वर मलाच म्हणे, आई, तू मध्ये पडू नकोस, पोरीचं घर मोडेल.

गाडी काही जाईना, तेव्हा पोरीची रवानगी जिन्यात झाली. दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून ती घरी यायची, तर दाराला आतून कडी. रात्रीचे नऊ वाजल्याशिवाय उघडायची नाही. मोबाइलही काढून घेतला. भूक लागली म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, तुझ्या बापाच्या गाडीतून डबा येऊ दे.

एक दिवस ती पिशवी घेऊन आमच्याकडे आली.

"आजी, मी परत जाणार नाही. पण माझं खरं कोण मानेल? अंगावर एक वळ नाही."

मी चप्पल पायात घातली आणि तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. तिथल्या फौजदार बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांना बोलावलं.

जावई कडक इस्त्रीत आला. म्हणाला, आम्ही कधी काही मागितलंच नाही, हिलाच नांदायचं नाही. सासूबाईंनी रुमाल काढला आणि असं रडल्या की ठाण्यातल्या मडक्यात पाण्याची भर पडली. सासरा मांडीवर पिशवी घेऊन बसलेला. बाईंनी माझ्या मुलाकडे पत्रं मागितली. तो फरशीकडे बघायला लागला. नातीचा चेहरा असा पडला, की माझ्याच्याने बघवेना.

मग मी तोंड उघडलं.

"जाऊ द्या हो बाई. पत्रं कसली, चिठोऱ्या होत्या दोन-चार. ना नंबर, ना तारीख. अक्षर तर कोंबडीचे पाय."

सासऱ्याची मान ताठ झाली. सासूबाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

"अहो, गप्प बसा."

"गप्प कसा बसू? माझं पत्र आणि बिनतारखेचं?"

आणि त्याने पिशवीतून फाइल काढून टेबलावर आपटली. सातही पत्रांच्या स्थळप्रती, म्हणजे स्वतःजवळ ठेवलेल्या नकला, आणि सातांच्या पोस्टाच्या पोचपावत्या. प्रत्येक प्रतीवर कडेला जावयाची सही, 'पाहिले'. आणि शेवटी मोत्यासारख्या अक्षरात एक टिपण: गाडी मिळेपर्यंत सुनेस नऊपूर्वी घरात घेऊ नये, अंमलबजावणी सौ. करतील. सौ.चे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

बाई सावकाश एकेक पान उलटत होत्या. तेव्हा कुठे सासऱ्याला घाम फुटला.

"पण बाई, मिळालं काहीच नाही. सातही प्रकरणं प्रलंबित आहेत."

"काका, मागणं हाच गुन्हा आहे. मिळालं नाही म्हणून सुटका नाही. आणि त्यासाठी हिला जिन्यात बसवलंत, उपाशी ठेवलंत, हा छळ. तो दुसरा गुन्हा. वळ लागतोच असं नाही. कोर्ट काय ते ठरवेल, पण तुम्ही तिघंही त्यात आहात."

बाईंनी फाइल जप्त केली. सासरा चाचरत म्हणाला, पोच मिळेल का? मिळाली. दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी.

मग बाईंनी नातीच्या हातात तिच्या तक्रारीची प्रत दिली. इतक्या गडबडीतही म्हाताऱ्याने मान लांब करून त्या कागदाच्या कोपऱ्यात डोकावलंच.

नातीने कागद त्याच्यासमोर नीट धरला.

"नंबर आहे, मामंजी. तारीखसुद्धा आहे."

आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझी पोर हसली.