चौथा मुद्दा

वृंदानं हेडफोन काढला, त्याची तार यंत्रात नीट बसली आहे का ते बोटानं चाचपलं, पुन्हा कानांवर चढवला आणि खालच्या बाणाचं बटण दाबलं. एरवी या एका दाबावर फायलीची पुढची ओळ कानात पडायची. आज नुसतं बटण वाजलं. तिनं पुन्हा दाबलं, मग जरा जोरानं.

"मैडम, हट गया," शेजारी उभा असलेला कंत्राटी तंत्रज्ञ म्हणाला. त्याच्या आवाजात ओशाळेपणा होता. "सबका हटा रहे हैं. किसी का गाना, किसी का गेम. आपका ये बोलनेवाला."

"बोलनेवाला नहीं, पढ़नेवाला. और वो गेम नहीं है."

"मालूम है जी. पर मंज़ूरी उसकी भी नहीं है."

तो पुढच्या टेबलाकडे वळला. तिथं पत्त्यांचा खेळ काढला म्हणून एकानं त्याच्याशी कडाक्याचं भांडण सुरू केलं. वृंदाला तेवढंही जमलं नाही. ती मुका हेडफोन कानांवर ठेवून बसून राहिली.

आर. के. पुरमच्या या सरकारी इमारतीत ती नोकरीला लागली तेव्हा तिला टेलिफोन बोर्डावर बसवलं होतं. ज्याला दिसत नाही अशा माणसाला सरकार एक तर टेलिफोनवर बसवतं नाही तर खुर्च्या विणायला, तिसरं काही त्याला सुचत नाही. बरीच वर्षं तिनं 'होल्ड कीजिए' एवढंच म्हटलं. मग प्रसन्ननं, तिच्या नवऱ्यानं, इंटरनेटवरून एक प्रोग्रॅम उतरवून आणला. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा. परदेशातल्या काही हौशी मंडळींनी लिहिलेला, कुणालाही फुकट, आणि आत काय आहे ते कुणालाही उघडून बघायला, बदलायला मोकळा. तेव्हाच्या साहेबांनी 'लगा लो भाई, किसी का क्या जाता है' म्हणत तोंडी परवानगी दिली आणि वृंदा बोर्डावरून उठून फायलींच्या टेबलाशी आली. टिपणं लिहू लागली. लोक तिच्या टिपणांवर वाद घालू लागले, याचं तिला भारी अप्रूप होतं.

सुरुवातीला तो प्रोग्रॅम मराठी असं वाचायचा, की याला ताप भरलाय की काय असं वाटावं. मग कित्येक रविवार नवरा-बायको त्याच्या मागे लागली. तिनं ऐकून चूक सांगायची, प्रसन्ननं आत शिरून ती दुरुस्त करायची, आणि दुरुस्ती त्या परदेशी मंडळींना पाठवून द्यायची. त्यांनी ती आनंदानं घेतली. आता कुठं नेवाशात नाही तर नांदेडात कुणी त्यावर मराठी पुस्तक ऐकत असेल, तर त्यात थोडा कान वृंदाचाही होता.

भटनागरसाहेबांनी तिला आत बोलावून घेतलं, स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

"वृंदा जी, आप परेशान मत होइए. जो अप्रूव्ड वाला है, कंपनी का, वो मँगवाएँगे."

"कब तक आएगा, सर?"

"अब देखिए, अगले बजट में जगह मिली तो." त्यांनी समोरची फाइल मिटली. "तब तक टेलिफोन पर बड़ा रश रहता है. आप वहाँ बैठ जाइए. चाहे सोमवार से."

एकदा तिथं बसलेल्या माणसाला पुन्हा फाइल मिळत नाही, हे तिला ठाऊक होतं. भटनागरांनाही ठाऊक असावं, कारण ते आवाज खाली आणून म्हणाले, "एक रास्ता है. कोई जानकार आदमी लिखकर दे दे कि इस प्रोग्राम की ज़िम्मेदारी मेरी, तो मैं छूट के लिए ऊपर लिख सकता हूँ. पर ऐसे मुफ़्त के माल की गारंटी कौन लेगा?"

कोण घेईल ते वृंदाला तिथल्या तिथं सुचलं. तिला इतकं हायसं वाटलं, की तिनं साहेबांचे आभारही दोनदा मानले.

डबा खायला ती कल्पनाच्या टेबलाशी गेली. कल्पनाचे आई-वडील अकोल्याचे, पण जन्म, शाळा सगळं दिल्लीत, त्यामुळे तिची मराठी निघायची मराठीतून आणि पोहोचायची हिंदीत. नव्या नियमाचं परिपत्रक तिच्याकडे आलं होतं.

"वाचतेस का मला? सगळं वाच. काही सोडू नकोस."

"चलो, वाचते. पण इंग्लिश आहे हां. बिल्कुल बोअर."

कल्पनानं एका हातात पोळीचा घास धरून वाचायला घेतलं. पहिला मुद्दा पासवर्डचा, दुसरा पेन ड्राइव्हचा, तिसरा बाहेरून आणलेल्या सीडींचा. एकेक वाक्य मालगाडीसारखं लांबलचक. मग चौथा मुद्दा आला. तो इंग्रजीत एका ओळीचा होता आणि मराठीत सांगायचं तर असा होता: ज्याचा मालक दाखवता येत नाही, ते सरकारी यंत्रावर असणार नाही.

"हे परत वाच," वृंदा म्हणाली.

"का? काय झालं?"

"वाच ना."

कल्पनानं परत वाचलं. "एवढीच लाइन आहे यार. हाच एक सीधा लिहिलाय. बाकी सगळं घुमवून घुमवून."

वृंदाचा हात डब्यातच राहिला. ते वाक्य तिचं होतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. प्रसन्नची कंपनी गुडगावात. सरकारनं नियम करण्याआधी कंपन्यांकडून मतं मागवली होती आणि त्यांच्या कंपनीचं उत्तर लिहायचं काम प्रसन्नकडे आलं होतं. पुण्यात कॉलेजात असताना हाच प्रसन्न फुकटच्या सॉफ्टवेअरच्या सीड्या स्वखर्चानं भरून वाटत हिंडायचा, आणि चहाच्या टपरीवर कुणी विषय काढला की ज्ञान सगळ्यांचं असतं म्हणून समोरच्याचं डोकं खायचा. गुडगावात गेल्यावर त्याच्या बोलण्यात जबाबदारी हा शब्द वाढला. मत बदललं म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एका ग्राहकाचा अख्खा कारभार असल्याच एका फुकटच्या प्रोग्रॅमपायी बंद पडला होता, आणि फोन करायचा तर कुणाला, हे कंपनीतल्या कुणालाच सांगता आलं नव्हतं. त्या ग्राहकाच्या शिव्या प्रसन्ननं स्वतः खाल्ल्या होत्या.

लिहिलेलं काहीही आधी वृंदाला वाचून दाखवायचं, ही त्याची जुनी रीत. त्या दिवशीही त्यानं हीटरशेजारी बसून मसुदा वाचला. निर्मितीची, देखभालीची, दोषांची कायदेशीर जबाबदारी असं करत एक वाक्य सुरू झालं ते संपेचना.

"अरे, मला धाप लागली ऐकून," वृंदा म्हणाली होती. "सरळ म्हण की." आणि तिनं ते एका ओळीत सांगितलं होतं. प्रसन्ननं टाळी दिली होती. तू आमच्याकडेच ये नोकरीला, असंही म्हणाला होता.

त्या संध्याकाळी तिच्या टेबलावरचा प्रोग्रॅम दोघांपैकी एकालाही आठवला नाही. त्यांच्या लेखी तो सॉफ्टवेअर नव्हताच. चष्मा लावणारा माणूस चष्म्याला यंत्र म्हणत नाही, तसंच ते होतं.

वृंदा डबा खात होती त्याच दुपारी गुडगावात केक कापला जात होता. प्रसन्नच्या कंपनीनं सुचवलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच नियमात आल्या होत्या.

"और चौथा क्लॉज़ तो वर्ड टू वर्ड इसका है!" त्याचा बॉस सचदेवा त्याच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना सांगत होता. "कॉमा तक नहीं बदला उन्होंने!"

टाळ्या वाजल्या. प्रसन्न लाजला, खूशही झाला. वाक्य बायकोचं आहे असं सांगावं, हे त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं, तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला.

"अरे, माझा वाचणारा काढला आज," वृंदा म्हणाली.

"काढला म्हणजे?"

"नवा नियम आलाय म्हणे. परिपत्रकाची प्रत घरी आणतेय मी. तू ये लवकर, मग बोलू."

तो काचेच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. खाली मेट्रोच्या खांबांसाठी रस्ता खणून ठेवला होता आणि धुळीत गाड्या तुंबल्या होत्या. काय झालंय हे समजायला त्याला वेळ लागला नाही. पण पहिला विचार मनात आला तो वृंदाच्या टेबलाचा नव्हता. तिला कळलं असेल का, हा होता. त्याची त्याला लाज वाटली. तरी घरी पोहोचेपर्यंत तो तोच विचार करत राहिला.

क्वार्टरचं दार वृंदानंच उघडलं. ती रागावलेली नव्हती. बसमध्ये तिनं मनाशी सगळं ठरवलं होतं. प्रसन्नला वाचायला सांगायचं. चौथ्या मुद्द्याशी आला की त्याचा आवाज अडेल, तेव्हा त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, वेड्या, वाक्य माझं आहे, तू नुसतं पाठवलंस. मग थोडं हसू, थोडं रडू. मग भटनागर काय म्हणाले ते सांगायचं. त्या प्रोग्रॅममध्ये ज्यानं स्वतः हात घातलाय, अशा माणसानं जबाबदारी घेतो म्हणून लिहून दिलं तर कोण नाही म्हणेल? त्याच्या कंपनीत थोडी अडचण होईल. आपलंच मत आपणच खोडून काढल्यासारखं होईल. पण प्रसन्न देईल लिहून. याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

चहा झाल्यावर तिनं परिपत्रक त्याच्यापुढे धरलं.

"वाच."

"आत्ता? अगं, असतं काय त्यात. ते लोक नेहमीचंच लिहितात."

"तरी वाच."

प्रसन्न वाचू लागला. त्याचं वाचन चांगलंच होतं. कॉलेजात वृंदाची नजर पार गेली, तेव्हा तिला वाचून दाखवायला म्हणून तो पहिल्यांदा तिच्या घरी आला होता. तळटिपा, चौकटी, चित्राखालच्या ओळी, काही म्हणजे काही गाळायचा नाही. एकदा तर मुद्रकाचा पत्ताही वाचला होता. वृंदाच्या आईला त्याचं हसू आलं होतं, पण वृंदानं त्याच दिवशी मनात होकार देऊन टाकला होता.

पहिला मुद्दा झाला, दुसरा झाला. तिसरा वाचताना त्याचा वेग किंचित कमी झाला. वृंदानं हात पुढे सरकवून टेबलाच्या कडेवर ठेवला.

"पाचवा," प्रसन्न म्हणाला. "दर तीन महिन्यांनी प्रत्येक विभागानं तपासणी करून अहवाल..."

"चौथा झाला?"

"चौथा ना..." कागद उलटल्याचा आवाज आला. "चौथा सर्व्हरबद्दल आहे. टेक्निकल आहे सगळा. तुला लागू नाही तो."

स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. वृंदा वाट बघत होती. तो अजून म्हणेल, आत्ता म्हणेल, अगं, थांब, तसं नाही. तिनं त्याला पुरेसा वेळ दिला.

"बरं," ती म्हणाली.

त्यानं पाचवा वाचला, सहावा वाचला, खालची सही कुणाची तेही वाचलं. त्याच्या आवाजातला ताण उतरत गेला, ते तिला ऐकू आलं. इतकं वाईट तिला सकाळी तंत्रज्ञानं मुकं यंत्र तिच्या हवाली केलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

"मग साहेब काय म्हणाले?" प्रसन्ननं विचारलं. "काही मार्ग आहे का?"

"सोमवारपासून टेलिफोनवर बसते म्हटलं."

"अगं, पण असं कसं? आपण काहीतरी करू की. मी... बघतो मी काय करता येतं ते."

"बघ," वृंदा म्हणाली.

तिनं कपबशा आत नेऊन ठेवल्या. ती परत आली तेव्हा तो दाराखालून सरकवलेला एक कागद उचलत होता. घरात आलेला प्रत्येक कागद तो तिला वाचून दाखवायचाच.

"कॉलनीची नोटीस आहे," तो म्हणाला. आवाज आता अगदी मोकळा होता. "शनिवारी वरच्या टाक्या धुणार आहेत. सकाळी पाणी येणार नाही, शुक्रवारीच भरून ठेवा."

वृंदा उभीच होती. तिनं त्याच्या दिशेनं कान केला.

"सगळं वाचलंस?" तिनं विचारलं.

तो हसला. "अगं, पाण्याची नोटीस आहे ही."

"हो," वृंदा म्हणाली. "पण सगळं वाचलंस का?"